आम्ही रिकॉइल झालो

भरतेश बिरनाळे यांचं इंग्रजी साताऱ्यात नावाजलेलं होतं. सगळ्या साताऱ्यात म्हणणं जरा जास्त होईल, पण ज्या सरकारी कचेरीत ते अधीक्षक होते तिच्या दोन्ही मजल्यांवर तरी नक्कीच. हे इंग्रजी 'विथ रेफरन्स टू'ला सुरू व्हायचं आणि 'फॉर नीडफुल ॲक्शन'ला संपायचं. या दोन टोकांच्या मधे जेवढं इंग्रजी मावतं तेवढं त्यांना सगळं येत होतं. पंचाईत एवढीच, की काही माणसं या टोकांच्या बाहेरही इंग्रजी बोलतात, आणि त्यांतला एक माणूस भरतेशरावांचा व्याही होऊ घातला होता.

रायगोंडा मगदूम हे सांगलीचे हळदीचे व्यापारी. त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत होता, भरतेशरावांची ब्राह्मीही पुण्यातच नोकरीला. पसंती झाली होती, मुहूर्त निघाला होता, साताऱ्यात कार्यालय धरलं होतं. आता फक्त जेवणात बासुंदी की श्रीखंड एवढाच राष्ट्रीय प्रश्न शिल्लक होता. अशात एका दुपारी, कचेरीच्या कामासाठी कोरेगावला गेलेले भरतेशराव एका हातात घेवड्याची पिशवी घेऊन तिथल्या एसटी स्टँडवर उभे असताना रायगोंडांचा फोन आला.

"हॅलो, बिरनाळेसाहेब? रायगोंडा बोलतोय, सांगलीस्नं." आवाज जड होता.

"जय जिनेंद्र! बोला, बोला."

"काय सांगू साहेब. काल घरात समदी बसलो हुतो. लय बोलणं झालं. आमची ही, आक्काताई, तर नुसती रडत हुती." इथे फलटणची गाडी फलाटाला लागली आणि तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलायचंच विसरला. त्या गदारोळातून पुढचं वाक्य आलं ते असं : "...आन् शेवटी आमी रिकॉइल झालो!"

हा शब्द भरतेशरावांनी कधीच पाहिला नव्हता. पण न कळलेल्या गोष्टीला 'कळलं नाही' म्हणणारा माणूस सरकारी नोकरीत अधीक्षकपदापर्यंत पोचत नाही. ते शांतपणे म्हणाले, "साहजिक आहे."

"तुमाला पटलं न्हवं?"

"शंभर टक्के."

"आन् तुमच्याकडं? तुमचं काय?"

वरिष्ठांनी मत मांडलं की खाली 'सहमत' लिहून सही करायची, या सवयीने भरतेशराव म्हणाले, "आम्हीसुद्धा झालो की!"

"आँ? तुमीबी रिकॉइल झाला? कवा?"

"केव्हाच!"

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मग मिटलंच की वो साहेब," रायगोंडा कापऱ्या आवाजात म्हणाले. "समदं मिटलंच!" आणि फोन बंद झाला.

गाडीत बसेपर्यंत भरतेशराव खुशीत होते. इंग्रजीत बोलणं झालं आणि आपण कुठे अडखळलो नाही, याचं समाधान काही औरच असतं. पण गाडी कोरेगावच्या बाहेर पडली आणि तो शब्द डोक्यात डास शिरावा तसा गुणगुणायला लागला. रिकॉइल झालो. म्हणजे काय झालो? आणि मिटलं म्हणजे काय मिटलं? भांडणही मिटतं आणि डोळेही मिटतात.  त्यांनी मोबाइलला हळूच विचारून पाहिलं, तर मोबाइलने डास पळवणाऱ्या कॉइलच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि पुढे महिनाभर त्या थांबवल्या नाहीत.

साताऱ्यात उतरल्यावर घरी जाण्याआधी ते इंद्रजितच्या दुकानात शिरले. इंद्रजित शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकायचा आणि त्याच्या दुकानात सगळं इंग्रजीच असायचं.

"इंद्रजित, रिकॉइल म्हणजे रे काय?"

"कुठल्या कंपनीचं?" इंद्रजितने मान वर न करता विचारलं. "गवत कापायच्या मशिनचं न्हवं? दोरी तुटली का स्प्रिंग गेली?"

"मशिनचं नाही रे. माणसाचं."

आता इंद्रजितने मान वर केली. भरतेशरावांकडे त्याने अशा काळजीने पाहिलं, की ते "असू दे, असू दे" म्हणत मागच्या पावली बाहेर आले. एवढं मात्र कळलं, की दोरी ओढून यंत्र चालू करायचा जो भाग असतो त्याला रिकॉइल म्हणतात. व्याह्यांनी दोरी ओढली? कुठली? कशाला?

जिन्यातच निवृत्त सुभेदार लालासाहेब भेटले. लालासाहेब शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत आणि कुणाच्याही घरातल्या प्रश्नाकडे शत्रूची चौकी म्हणून बघत. भरतेशरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. लालासाहेबांचा चेहरा उजळला.

"रिकॉइल व्हय? आवं, गोळी सुटली की बंदूक उलटी लाथ मारती खांद्याला. त्ये रिकॉइल! पर तुमाला कुणी सांगितलं?"

"व्याह्यांनी. आम्ही रिकॉइल झालो म्हणाले."

लालासाहेबांनी टोपी काढली. "म्हंजे गोळी झाडून मोकळं झालं की ते," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् तुमी काय म्हणलासा?"

"मी म्हटलं, आम्हीपण झालो."

"उत्तर दिलं म्हणा! शाब्बास!" लालासाहेबांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली, की घेवड्याची पिशवी सुटली आणि घेवडा दोन जिने गडगडत खाली गेला. तो गोळा करायला सगळी बिल्डिंग जमली आणि वेचता वेचता सगळ्या बिल्डिंगला बातमी कळली. सुलाबाई मोलकरणीने तर हातातला घेवडा तिथेच टाकून "अगं बया!" केलं, आणि सरळ खालच्या गल्लीकडे गेली.

वरच्या मजल्यावर रेश्मा इंग्रजीचे क्लास घ्यायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण व्याकरणाचा प्रश्न म्हटल्यावर ती आपण होऊन खाली आली.

"काका, ते क्रियापद आहे," ती जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाली. "रिकॉइल म्हणजे दचकून मागे सरणं. भीतीने किंवा किळस येऊन. म्हणजे बघा, पानात झुरळ निघालं की आपण झटकन मागे होतो ना? ते रिकॉइल. पण पुढे काय लावलं होतं त्यावर अवलंबून आहे. 'ॲट' लावलं की समोर दिसलेल्या गोष्टीने दचकणं. 'फ्रॉम' लावलं की त्या गोष्टीपासून लांब सरणं. 'ऑन' लावलं तर आपलं केलेलं आपल्यावरच उलटणं. त्यांनी काय लावलं होतं?"

"'झालो' लावलं होतं," भरतेशराव क्षीण आवाजात म्हणाले.

"मग सगळंच लागू होतं," रेश्मा विचार करून म्हणाली.

भरतेशराव पायरीवरच बसले. आयुष्यभर त्यांनी प्रमाण मराठी जपली होती. घरात कुणी 'हाय' म्हटलं तर ते 'आहे' अशी दुरुस्ती करत. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते थेट त्यांच्या मूळच्या कडेगाव तालुक्यातलं होतं : "आयला, लगीन मोडलं की रं!"

दारात त्यांची बायको सुंदरी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.  आत जाऊन तिने सरळ विहीणबाईंना, आक्काताईंना, फोन लावला. पलीकडून आधी हुंदके आले. मग आक्काताईंचा भरलेला आवाज आला. "ताई, मला आत्ता बोलवंना बघा. ह्यांनी सांगितलंय न्हवं साहेबांस्नी? देवाच्या मनात असंल तेच हुतंय. उद्या बोलू." आणि पुन्हा हुंदके.

सुंदरीने फोन ठेवला. "रडत होत्या," ती म्हणाली. "म्हणजे मनाने त्या आपल्या बाजूच्या आहेत. हे त्या माणसाचं काम."

ब्राह्मीला इतक्यात काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. ती पोरगी पुण्यात बिचारी साड्यांना फॉल लावून घेत होती. तिला सांगणार काय आणि कोणत्या भाषेत?

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. मोडलेल्या लग्नात प्रत्येक शेजाऱ्याला स्वतःचं असं मत असतं, आणि ते ऐकवल्याशिवाय तो घरी जात नाही. कुणी म्हणालं, आपणच आधी मोडलं असं पसरवा. कुणी म्हणालं, मुलाचं बाहेर काहीतरी असणार. एक गृहस्थ आपला भाचा मोकळा असल्याचं सांगून त्याचा फोटोही दाखवून गेले. भरतेशराव खुर्चीत बसून होते. लग्न मोडल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या आत दुसरं एक कुसळ टोचत होतं. समोरचा आपल्याला झुरळ म्हणाला आणि आपण 'साहजिक आहे, शंभर टक्के' म्हणालो, हे ते कुसळ.

लालासाहेब मात्र सल्ला देणाऱ्यांतले नव्हते, ते कारवाई करणाऱ्यांतले होते. तासाभरात ते परत आले आणि टाचा जुळवून म्हणाले, "काळजी सोडा. कार्यालयाचा बंदोबस्त केला."

"कसला बंदोबस्त?"

"तारीख सोडून दिली! म्हणलं, लगीन न्हाई तर उगं आडकून कशापायी? म्यानेजर लय खूश झाला. कुणा मोठ्या सायबाच्या पुतण्याचं लगीन वेटिंगवर हुतं. लगेच चढवलं त्यानं."

सुंदरीने कपाळावर हात मारला. भरतेशरावांनी लगेच कार्यालयाला फोन केला. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "आता कॉम्प्युटरमध्ये चढलं ना साहेब. उतरवायचा अधिकार फक्त ट्रस्टच्या अध्यक्षांना आहे, आणि अध्यक्ष शिखरजीच्या यात्रेला गेलेत." ते कधी येतील? ते मॅनेजरला सांगता येत नव्हतं. यात्रा पायी होती की काय कोण जाणे. 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' हे वाक्य भरतेशरावांनी नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल! ते ऐकायला किती गार लागतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरी नवी साडी नेसून, पर्स घेऊन तयार होती.

"कुठे निघालीस?"

"सांगलीला. मला त्या माणसाला तोंडावर विचारायचंय, की माझ्या पोरीत किळस येण्यासारखं काय दिसलं तुम्हाला? तेवढं एक वाक्य विचारते आणि परत येते. तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

असा प्रश्न आल्यावर माणसाला पँट घालावीच लागते. लालासाहेबांनी आपली जुनी जीप काढली. हायवेला काम चालू असल्याने त्यांनी आडवाट धरली : कोरेगाव, रहिमतपूर आणि पुढे कडेगावावरून. कडेगावचं नाव काढताच भरतेशराव म्हणाले, "दुसरी वाट नाही का?" कारण कडेगावाजवळच त्यांचं गाव होतं आणि गावात त्यांचा थोरला भाऊ सम्मेद होता. बांधावरून दोघांचं फाटलं होतं. भरतेशरावांचा वाटा तिथला गडी कसायचा, बांधापलीकडे सम्मेद कसायचा आणि दोघा भावांत शब्द नव्हता. ब्राह्मीच्या लग्नाचं आमंत्रणही सम्मेदला गेलं नव्हतं. सुंदरीने विषय काढला तेव्हा भरतेशराव 'विचाराधीन' एवढंच म्हणाले होते.

गाव आलं तसं भरतेशरावांनी खिडकीच्या उलट दिशेला मान फिरवली. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून भावाचं घर दिसलंच. दाराला कुलूप होतं. ऐन सकाळी? सम्मेददादा तर ऊस सोडून कुठे जात नाही. त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण ते काय ते बघायच्या आत लालासाहेबांनी जीप एका खड्ड्यात घातली आणि विचार तिथेच सांडला.

वाटेत सुंदरी आपलं वाक्य पाठ करत होती. पलूसच्या पुढे तिने त्यात 'आमच्या घराण्यात' हे घातलं आणि सांगली दिसायला लागल्यावर ते काढून टाकलं.

मगदुमांच्या दारात चपलांचा ढीग होता. आतून हसण्याचा आवाज येत होता. "बघा," सुंदरी दातओठ खात म्हणाली, "जल्लोष चाललाय." ती तरातरा आत गेली, पदर खोचला आणि तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात आक्काताईंनी आख्खा पेढा कोंबला.

"आवं, तुमी स्वतः आला व्हय! आवं, बघा तरी कोण आलंय!" आक्काताईंच्या डोळ्यांना पुन्हा धारा लागल्या. सुंदरीला पेढा गिळता येईना आणि वाक्य बोलता येईना. ती नुसतीच डोळे वटारून उभी राहिली.

तोपर्यंत रायगोंडांनी भरतेशरावांना मिठीत आवळलं होतं. "साहेब, तुमी काल जे बोलला, त्येनं मी रातभर झोपलो न्हाई बघा. ह्यो माझा धाकटा भाऊ." त्यांनी शेजारच्या एका टक्कल असलेल्या माणसाला पुढे ओढलं. "पेढीच्या पाटीवर कुणाचं नाव आदी, ह्येच्यावरनं आमी बोलत न्हवतो. पोराच्या लग्नात काकाच नसंल तर काय ओ? म्हणून परवा राती बसलो, रडलो, आन् रिकॉइल झालो!"

भरतेशरावांच्या मेंदूत काहीतरी खट्कन वाजलं.

"बाबा," कोपऱ्यातून त्यांचा होणारा जावई लाजत म्हणाला. तो पुण्याहून सकाळीच आला होता. "रिकॉइल नाही. रिकन्साइल, म्हणजे समेट. मी तुम्हाला परवापासून फोनवर सांगतोय."

"त्येच की! मधलं एकांदं अक्षर फोनवर सांडलं आसंल. साहेबांस्नी कळलं न्हवं? इंग्रजीत पक्कं हायेत ते!" रायगोंडांनी मुलाला उडवून लावलं. "आन् साहेबांचं मोठेपण बघा. त्येंच्या भावाभावांतलं बांधाचं भांडण कानावर हुतं, मला वाटलं, आमीच काय ते शाणं. तर हे म्हणतात, आमीबी केव्हाच झालो! मला एवढा आनंद झाला, काय सांगू! म्हणून तसाच कडेगावाकडं फोन लावला, आन् पाव्हण्यांला गाडी धाडून आणलं."

"कोणत्या पाहुण्यांना?" भरतेशरावांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांना कळलं होतं.

झोपाळ्यावरून सम्मेद उठला. अंगात धुवट सदरा, खांद्यावर टॉवेल. केस सगळे पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे भरतेशरावांना माहीत नव्हतं.

"व्हा की पुढं!" म्हणत रायगोंडांनी दोघांना एकमेकांवर ढकललं. आणि तो शब्द रेश्माने जिन्यात सांगितला होता तसाच्या तसा घडला. दोघेही भाऊ विंचू दिसावा तसे दचकून मागे सरले. सम्मेदचं डोकं झोपाळ्याच्या कडीवर आपटलं आणि घाईत बूट न काढताच आत आलेल्या भरतेशरावांचा पाय पेढ्यांच्या ताटात गेला.  मूठभर पेढे बुटाखाली चेंगरले होते. लालासाहेब दारातून ओरडले, "साहेब, सावरा!" पण कुणाला सावरायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सम्मेदने डोकं चोळलं. मग त्याने खाली बघतच विचारलं, "खरंच म्हणालास व्हय रं?"

"काय?"

"केव्हाच म्हणून. ह्यांनी फोनवर सांगितलं. म्हणले, तुमचा भाऊ म्हणतोय, आमचं केव्हाच मिटलंय." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "मला वाटलं, मनात मिटवून बसला हुतास, तर मला सांगायचं न्हाईस व्हय? मी हिकडं रोज बांधावर जाऊन बसतोय."

भरतेशरावांनी तोंड उघडलं. खुलासा अगदी तयार होता : तो शब्द मला समजला नव्हता, गाडीचा हॉर्न वाजत होता, सबब सदर विधान गैरसमजातून झालेलं आहे. मुद्देसूद खुलासा. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सुंदरीचा पेढा एव्हाना उतरला होता, तिला सगळं समजलं होतं, आणि ती त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती, की भरतेशरावांनी तो खुलासा तिथल्या तिथे दप्तरदाखल केला.

"म्हणालो की," ते म्हणाले. "केव्हाच म्हणालो. सांगायचं तेवढं ऱ्हायलं बघ, दादा."

मग मिठीची वेळ आली. ती तशी जमली नाहीच. दोघांची पोटं आधी भिडली, चष्मे एकमेकांत अडकले, आणि भरतेशरावांच्या बुटाचा पेढा सम्मेदच्या धोतराला लागला. पण यावेळी मागे कुणी सरलं नाही.

जेवायला बसल्यावर लालासाहेबांना राहवेना. त्यांनी उभं राहून, सावधानमध्ये, कार्यालयाची तारीख आपण कशी सोडली ते सांगून टाकलं.  आक्काताईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "मांडवच न्हाई म्हंजे?" रायगोंडा म्हणाले. "पत्रिका वाटल्यात की वो आमी!"

सम्मेद पाणी प्यायला. "मांडव आपल्या रानात घालू," तो म्हणाला.

"रानात कुठे दादा? सगळा ऊस उभा आहे."

"समदा न्हाई. बांधाचा त्यो पट्टा मोकळा हाय न्हवं? तू मला लावू दिला न्हाईस, मी तुला लावू दिला न्हाई. तितं नुसतं गवात."

पुढच्या रविवारी दोघे भाऊ मोजायची टेप घेऊन त्या पट्ट्यात उतरले. मांडववाल्याने माप घेतलं आणि मान हलवली. जागा अरुंद होती. ताटांच्या दोन रांगा बसत होत्या, पण वाढप्यांना फिरायला वाट राहत नव्हती. एका बाजूचा चार सऱ्या ऊस काढावा लागणार होता.

"माझ्या बाजूचा काढा," भरतेशराव म्हणाले.

"तुझा कशापायी? माझा काढा," सम्मेद म्हणाला.

"लग्न माझ्या मुलीचं आहे, दादा!"

"आन् माझी कोण ती? माझ्या रानात कुणी कोयता घालायचा ते तू सांगणार व्हय मला?"

"मग माझ्या रानातलं तू सांगणार?"

आवाज चढले. सम्मेदने टॉवेल जमिनीवर आपटला, भरतेशरावांनी टेप भिरकावली आणि त्यांच्या तोंडची प्रमाण मराठी उसात कुठेतरी पळून गेली. वस्तीवरची माणसं हातातली कामं टाकून धावली. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या रानातला बिराप्पा होता. तो बांधापर्यंत आला, त्याने क्षणभर कान देऊन ऐकलं, आणि मागून येणाऱ्यांना हात आडवा करून थांबवलं.

"काय रं, परत जुंपली का?" मागून कुणीतरी दमलेल्या आवाजात विचारलं.

"जुंपलीया खरी," बिराप्पा डोकं खाजवत म्हणाला. "पर ह्यो म्हणतोय माझा ऊस तोड, आन् त्यो म्हणतोय माझा तोड. आता सोडवायचं तर कुणाला कुणापासनं?"